शेतराखणीची बंदूक कोणती असावी?

आश्विनाच्या आरंभी हळव्या भाताची लोंबी भरून वाकू लागली, की सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कोकणपट्टीतील शेतकऱ्याची झोप उडते. कारण वर्षभराच्या श्रमाचे फळ पदरात पडण्यास अवघे आठ-पंधरा दिवस उरलेले असताना रानडुकरांचा एखादा कळप रात्रीतून शेतात शिरला, तर खाल्लेल्या पिकाहून तुडवलेल्या पिकाची हानी कितीतरी अधिक होते, आणि सकाळी तलाठ्याने येऊन रीतसर पंचनामा केला तरी पंचनाम्याच्या कागदाने कणगी भरत नाही. माळ्यावर बसून राखण करणे, डबे वाजवणे, हाकारे देणे, फटाके लावणे हे उपाय परंपरेने चालत आले आहेत, आणि त्यांच्या जोडीला ‘शेतसंरक्षण परवान्या’वरची बंदूकही रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अनेक घरांत आजोबांकडून नातवाकडे वारशाने आली आहे. अलीकडे मात्र, परदेशांतील बंदूक-स्पर्धांची दृश्ये पाहिलेल्या तरुण शेतकऱ्यांकडून एक नवा प्रश्न ऐकू येतो. एकदा चाप ओढला की बार उडून पुढचे काडतूस आपोआप नळीत येते, अशी अर्धस्वयंचलित बंदूक आपल्याला का मिळू नये? तीच स्पर्धेत नेता येईल आणि तीच शेतराखणीला लागेल.

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही तपशिलाने दिले पाहिजे. माझे मत असे, की अर्धस्वयंचलित बंदूक स्पर्धेच्या मैदानावर सर्वथैव योग्य असली तरी शेतात ती शेतकऱ्याच्या उपयोगाची नाही. परंतु ज्या ठासणीच्या बंदुकीवर आपला कायदा शेतकऱ्याची आजही बोळवण करू पाहतो, ती तर तिच्याहूनही अयोग्य आहे. शेताला हवी ती पाठीमागून काडतूस भरण्याची साधी दुनळी.

अर्धस्वयंचलित बंदुकीचा जन्मेतिहास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील यूटा प्रांतात वाढलेल्या जॉन मोझेस ब्राउनिंग या विलक्षण प्रतिभेच्या कारागिराने १९०० साली या रचनेचे पेटंट मिळवले. विंचेस्टर कंपनीशी मोबदल्याच्या अटींवरून त्याचे बोलणे फिसकटले, पुढे रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांना भेटावयास तो गेला असता त्याच दिवशी त्या गृहस्थांचे हृदयविकाराने निधन झाले, आणि अखेर समुद्र ओलांडून बेल्जममधील लीएजजवळच्या फाब्रिक नासियोनाल या कारखान्याच्या हवाली त्याने आपली निर्मिती केली. नळीत एक आणि खालच्या मॅगझीनमध्ये चार अशी पाच काडतुसे घेणारी ती ‘ऑटो-५’ बंदूक विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तयार होत राहिली. तिच्यात बाराच्या धक्क्याने नळी व बोल्ट दोन्ही मिळून मागे सरकत आणि परतताना नवे काडतूस चढवीत. १९६३ साली आलेल्या ‘रेमिंग्टन ११००’मध्ये नळीतील तप्त वायूचा काही अंश एका छिद्रावाटे घेऊन त्याच्या दाबाने हेच काम होऊ लागले, इटलीच्या बेनेली कारखान्याने वायू न वापरता बोल्टमधील स्प्रिंग आणि धक्क्याचे जडत्व यांवर आधारलेली निराळी रचना प्रचारात आणली. पद्धती भिन्न असल्या तरी त्या सर्वांचे मर्म एकच आहे, आणि ते वाचकाने ध्यानात ठेवावे: पुढचे काडतूस चढवण्याची शक्ती मागच्या काडतुसातूनच मिळते. ते काडतूस कमकुवत असेल, दमट असेल, किंवा यंत्राच्या छिद्रात काजळी साचली असेल, तर यंत्र अर्ध्यावर अडते.

आता मैदानाचा विचार करू. ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रीडाप्रकाराची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेतील मिझुरी प्रांतात कोलंबिया येथे स्थापन झाली, जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि अचूकता, बल व वेग या तीन गुणांना तिने आपल्या ब्रीदात समान स्थान दिले. या खेळात स्पर्धक एका जागी उभा राहत नाही. तो पळतो, आडोशाआडून नेम धरतो, पडणाऱ्या पोलादी तबकड्या आणि कागदी लक्ष्ये एकामागून एक टिपतो, वाटेत काडतुसे संपली तर चालता चालता दोन-दोन, चार-चार एकदम मॅगझीनमध्ये सारतो, आणि शेवटी मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळाने भागून त्याचा क्रम ठरतो. जेथे सेकंदाचा शतांशही मोजला जातो, तेथे नळीच्या खाली लांबलचक मॅगझीन, भरण्याचे तोंड रुंद केलेले, बोल्टची मूठ मोठी आणि धक्का शोषून घेईल इतके वजन पुढे असलेली अर्धस्वयंचलित बंदूक सर्वांत पुढे राहावी, हे स्वाभाविकच आहे. तरीही सर्वच बंदूक-क्रीडांचे हे सत्य नव्हे. ऑलिंपिकमधील ट्रॅप आणि स्कीट या उडत्या तबकड्या टिपण्याच्या स्पर्धांच्या नियमांत अर्धस्वयंचलित बंदुकीस मज्जाव नाही; परंतु श्रेष्ठ नेमबाजांच्या हाती तेथे एकावर एक नळ्या बसवलेली दुनळीच दिसते. २००४ साली अथेन्स येथे राज्यवर्धनसिंह राठोड यांनी ज्या डबल ट्रॅपमध्ये भारताला रौप्यपदक मिळवून दिले, त्यात दोन तबकड्या एकाच वेळी सुटत आणि त्यांवर दोनच बार टाकावयाचे असत. दोन बारांचे काम दोन नळ्यांइतक्या निश्चितीने करणारे दुसरे साधन अद्याप निघालेले नाही.

शेतराखणीचे कामही दोन बारांचेच आहे. रात्री अकरा-बाराचा सुमार, हाती विजेरी, समोर वीस-पंचवीस पावलांवर भातात हालचाल, आणि पहिला बार होताच कळप जो उधळतो तो क्षणार्धात झुडपात दिसेनासा होतो. दुसरा बार कधी साधतो, कधी नाही, आणि तिसऱ्या बाराला समोर बहुधा अंधाराखेरीज काहीच नसते. न दिसणाऱ्या जागी बार टाकण्याचा मोह मात्र बंदुकीत आणखी तीन काडतुसे शिल्लक असल्यामुळे बळावतो, आणि त्या अंधारात शेजारच्या मळ्याचा राखणदार किंवा खळ्यावर निजलेला गडी असू शकतो. यावर कोणी म्हणेल, की जखमी डुक्कर उलटून अंगावर आले तर तिसरे काडतूस प्राण वाचवील. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. पूर्ण वाढलेल्या नराच्या खांद्यावर चिवट कूर्चेची जाड ढाल असते, त्याचे सुळे मांडी फाडू शकतात, आणि लहान छर्ऱ्यांनी त्याला केवळ चवताळवता येते. पण या धोक्यावरचा खरा इलाज पहिल्या काडतुसाच्या निवडीत आणि पहिल्या नेमात आहे. ज्याचा पहिला बार चुकीच्या छर्ऱ्यांचा आणि घाईचा होता, त्याला धावत्या डुकरावर तिसरा बार अधिक साधेल असे मानण्यास काही आधार नाही.

दुनळीचा खरा मोठेपणा येथेच प्रत्ययास येतो. तिच्या दोन नळ्यांत दोन निराळ्या जातींची काडतुसे ठेवता येतात. एका नळीत वानरांना किंवा पाखरांना भिववण्यापुरते बारीक छर्ऱ्यांचे आणि दुसऱ्या नळीत डुकरासाठी एल.जी.चे, म्हणजे मोजक्या जाड गोळ्यांचे काडतूस असले, तर त्यांपैकी कोणते उडवायचे याचा निर्णय शेवटच्या क्षणी बोटाने घेता येतो. मॅगझीनमधील काडतुसे मात्र भरल्या क्रमानेच बाहेर पडतात. शिवाय पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनणारी ‘शक्तिमान’ काडतुसे असोत वा अन्य कोणती, कोकणातील चार महिन्यांच्या पावसाळी हवेत, माजघराच्या फडताळात पडून राहिलेले काडतूस किती जोराने उडेल, याची शाश्वती देता येत नाही. दुनळीला त्याची फिकीर नसते, कारण तिचे दुसरे काडतूस पहिल्याच्या कृपेवर अवलंबून नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुनळी मधोमध मोडून हातावर घेतली की ती रिकामी आहे किंवा नाही हे वीस पावलांवरच्या माणसालाही चांदण्यात दिसते. अर्धस्वयंचलित बंदुकीच्या पोटात एक काडतूस राहून गेले आहे काय, हे तिच्या धन्यालाही बोल्ट ओढून, आत बोट घालून पाहावे लागते. घरात पोरेबाळे, अंगणात गडीमाणसे, आणि पहाटे पाच वाजता थकून परतलेला राखणदार, अशा ठिकाणी रिकामेपणाची ही दृश्य साक्ष मला अन्य सर्व गुणांहून मोलाची वाटते.

छर्ऱ्यांच्या पल्ल्याविषयीही आपल्याकडे फार गैरसमज आहे. बंदुकीचा बार ‘पन्नास पावलांच्या पुढे जात नाही’ असे समजणारे पुष्कळ भेटतात. चाळीस पावलांपलीकडे छर्रे विखरून परिणामशून्य होतात हे खरे. पण परिणामशून्य आणि निरुपद्रवी यांत अंतर आहे. जूर्ने या फ्रेंच सेनाधिकाऱ्याच्या नावाने प्रसिद्ध असलेला एक ढोबळ नियम असा, की छर्ऱ्याचा व्यास इंचांत मोजून त्यास २२०० ने गुणावे, म्हणजे तो छर्रा जास्तीत जास्त किती यार्ड जाईल हे समजते. सहा नंबरचा बारीक छर्रा या हिशेबाने सव्वादोनशे यार्डांच्या आसपास पडतो, आणि सुमारे ०.३६ इंच व्यासाची एल.जी.ची गोळी जवळजवळ आठशे यार्ड, म्हणजे एका वाडीतून थेट पुढच्या वाडीपर्यंत, जाऊ शकते. कोकणात घरे सलग वसलेली नसून आगरांतून आणि वाड्यांतून विखुरलेली असतात, आणि जांभ्याच्या कातळावर आपटलेली गोळी कोणत्या दिशेने उसळेल हे सांगता येत नाही. अशा मुलखात बारांची संख्या वाढवणारे साधन देण्यापेक्षा प्रत्येक बार विचाराने टाकावयास लावणारे साधन देणे हेच शहाणपणाचे आहे.

आता कायद्याकडे वळतो, कारण माझी खरी तक्रार तेथे आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील तेराव्या कलमात असे म्हटले आहे, की किमान २० इंच लांबीच्या नळीची गुळगुळीत छिद्राची बंदूक नागरिकाला आत्मसंरक्षणासाठी वा खेळासाठी मिळावी, आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मिळावी. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली तरच शेतकऱ्याला दुसऱ्या प्रकारची बंदूक देता येईल. म्हणजे शहरातील व्यापाऱ्याला स्वतःच्या रक्षणासाठी सुधारलेली बंदूक, आणि चिखलात उभे राहून रानडुकराला सामोरे जाणाऱ्या शेतकऱ्याला, जगाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी टाकून दिलेले साधन! या भेदामागे कोणता विचार असावा याचा तर्क करणे अवघड नाही. १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत झालेल्या शस्त्रकायद्याने युरोपियनांना मोकळीक देऊन हिंदी माणसाला निःशस्त्र केले, त्या कायद्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने आरंभापासून ठराव केले, आणि १९३१ च्या कराची अधिवेशनात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत समाविष्ट केला. स्वातंत्र्यानंतरचा कायदा पुष्कळच उदार झाला. तथापि खेड्यातील माणसाच्या हाती चांगले हत्यार देण्याविषयीचा जुना संशय या एका कलमात शिल्लक राहिला आहे, असे मला वाटते.

आणि हा संशय सुरक्षिततेच्या दृष्टीनेही उलटाच ठरतो. ठासणीच्या बंदुकीत दारू मोजून ओतावी लागते, वर बोळा, वर छर्रे, पुन्हा बोळा, आणि हे सारे गजाने ठासावे लागते. अंधारात, घाईत, दोनदा दारू पडली तर नळी फुटते आणि हात जातो. एकदा भरलेली बंदूक न उडवता रिकामी करणे हे किचकट व जिकिरीचे काम असल्यामुळे ती भरलेल्या स्थितीतच दिवसचे दिवस भिंतीला टेकून राहते. दमट दारू चाप ओढल्यावर कधी उडत नाही, कधी दोन क्षणांनी उडते, आणि त्या दोन क्षणांत बंदूक कोणाच्या दिशेने वळलेली असेल ते परमेश्वर जाणे. काडतुसाची बंदूक यांपैकी बहुतेक दोषांतून मुक्त आहे. जिल्हाधिकाऱ्यांना कायद्यातील परंतुकाचा अधिकार आजही उपलब्ध आहे. तो अपवाद म्हणून न वापरता रानडुकरांचा उपद्रव असलेल्या प्रत्येक तालुक्यात नियम म्हणून वापरावा, यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

बंदुकीचा परवाना म्हणजे वन्य प्राणी मारण्याचा परवाना नव्हे, हे येथे स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अकराव्या कलमानुसार उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या प्राण्यास मारण्याची परवानगी सक्षम अधिकारी लेखी हुकमानेच देऊ शकतो. गव्यासारख्या प्राण्यांना तर अत्यंत कडक संरक्षण आहे. केरळ सरकारने २०२२ साली रानडुकरांबाबत हा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेला आणि परवानाधारक बंदूकधाऱ्यांचे साहाय्य घेतले. परवानगीचा कागद जिल्ह्याच्या ठिकाणी अडकून पडू नये, हा त्यातील विचार आपण घेण्याजोगा आहे. कारण कायदेशीर वाट लांबली की बेकायदेशीर वाटा रुंद होतात. कोकणातील फासकीत डुकराऐवजी बिबट्या अडकून तडफडतो. विदर्भात कुंपणाच्या तारेत सोडलेल्या वीजप्रवाहाने वाघ मरतात आणि माणसेही मरतात. खाद्यात दडवलेला गावठी स्फोटक गोळा पाळीव जनावरांचाही जबडा उडवतो. जबाबदार माणसाच्या हातची एक बंदूक या सर्वांहून अधिक भूतदयेची आहे, कारण ती कोणावर उडाली हे तिच्या धन्याला दिसते आणि त्याचा जाब त्याला विचारता येतो.

अर्धस्वयंचलित बंदुकीविषयी इतर देशांनी काय ठरवले आहे, हेही थोडक्यात पाहावे. ब्रिटनमध्ये १९८७ च्या हंगरफर्ड येथील हत्याकांडानंतर, १९८८ च्या कायद्याने साध्या प्रमाणपत्रावर मिळणाऱ्या अर्धस्वयंचलित बंदुकीच्या मॅगझीनला दोन काडतुसांची मर्यादा घातली. त्याहून अधिक काडतुसांची हवी असेल तर प्रॅक्टिकल स्पर्धा किंवा उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त यांसारखे सबळ कारण पोलिसांपुढे सिद्ध करावे लागते. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेल्यानंतर अशा बंदुका सरसकट परत घेण्यात आल्या आणि शेतकऱ्यांसारख्या मोजक्या वर्गालाच, तेही पाच काडतुसांच्या मर्यादेत, मुभा राहिली. विस्तीर्ण कुरणे आणि विरळ वस्ती असलेल्या त्या देशाची ती सोय आहे. आपल्या दाट वस्तीत तिचे अनुकरण होऊ नये. आपल्या शस्त्रनियमांनी अर्धस्वयंचलित अग्निशस्त्रांना साध्या दुनळीहून कडक वर्गात ठेवले आहे, ते मला उचित वाटते.

स्पर्धेच्या मैदानावरून शेतकऱ्याने काही उचलायचेच असेल, तर तेथील यंत्र न उचलता तेथील शिस्त उचलावी. प्रॅक्टिकल स्पर्धेत पळताना किंवा काडतूस भरताना बोट चापाच्या कड्याबाहेरच असावे लागते, नळीचे तोंड ठरवून दिलेल्या कोनापलीकडे वळले किंवा बंदूक हातातून पडली की स्पर्धक कितीही नामांकित असला तरी तत्क्षणी बाद होतो, आणि फेरीच्या आरंभी पंचांच्या आज्ञेवाचून कोणी बंदूक भरू शकत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी नव्या परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे. त्या प्रशिक्षणाचा केवळ दाखला जोडण्यापुरता उपचार होऊ न देता, तालुक्याच्या ठिकाणी भात लावणीनंतरच्या मोकळ्या दिवसांत प्रत्यक्ष नेमबाजीचे वर्ग भरवले पाहिजेत. नूतनीकरणाची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आहे, तेव्हा दर नूतनीकरणास बंदुकीची आणि धन्याच्या हाताची, दोहोंची परीक्षा घेण्यास हरकत नसावी.

शेवटी एका अन्यायाचा उल्लेख करतो. निवडणूक जाहीर झाली की शेतसंरक्षणाच्या बंदुकाही ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. २०१९ ची विधानसभा निवडणूक ऑक्टोबरात झाली आणि २०२४ ची नोव्हेंबरात; म्हणजे दोन्ही वेळा आचारसंहितेचा काळ नेमका भाताच्या कापणीवर आला. सरसकट जप्तीऐवजी प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार व्हावा, यासाठी छाननी समितीची पद्धत मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेली आहे आणि निवडणूक आयोगाने ती स्वीकारलेली आहे. ज्याच्यावर एकही गुन्हा नाही अशा शेतकऱ्याची बंदूक त्या पद्धतीप्रमाणे त्याच्याजवळच राहू द्यावी. शस्त्रे हा विषय राज्यघटनेने केंद्राकडे सोपवला असल्यामुळे तेराव्या कलमातील ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख वगळणे हे संसदेचे काम आहे, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग व रायगडच्या खासदारांनी ती दुरुस्ती येत्या अधिवेशनात मांडावी, अशी माझी त्यांस विनंती आहे.